नोव्हेंबरचं पान

कोपर, डोंबिवली (प.)
रविवार, १८ जानेवारी २०२६

तीर्थरूप आबांना,

सुशांतचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल, असं लिहायची पद्धत आहे, आणि अंगाने म्हणाल तर आहोतच खुशाल. मैथिलीचा खोकला गेला. सोनलची दुपारची पाळी चालूच आहे, माजिवड्याच्या हॉस्पिटलातून घरी यायला तिला पावणेदहा होतात. तुमचा गुडघा कसा आहे? अक्षदाताई म्हणाली, थंडीत जास्त ठणकतो. इथून नेलेलं तेल संपलं असेल तर कळवा.

पाकीट हातात पडल्यावर तुम्ही आधी ते उलटसुलट करून बघाल. कॉलेजला वसतिगृहात होतो तेव्हा शेवटचं पत्र लिहिलं असेन, त्याला वीस वर्षं झाली. फोन का नाही केला, असं वाटेल. केला, आबा. तीनदा केला. तिन्ही वेळा ताईने तो स्पीकरवर टाकला आणि मी कांद्याच्या रोपांची चौकशी करून ठेवून दिला. तोंडातून निघेना, म्हणून आता हाताला कामाला लावलंय.

आधी इकडची हकीकत. तुम्ही नोव्हेंबर संपता संपता गावी गेलात आणि लगेच आमची वरात निघाली. मैथिलीची शाळा साडेपाचला सुटते, त्यानंतर मी घरी येईपर्यंत तिला कोण बघणार, एवढाच प्रश्न. तीन तासांचा. पण जगात इतकी माणसं असून तीन तासांना भरवशाचं एक मिळत नाही.

पहिलं पाळणाघर स्टेशनजवळ. बाई गोड बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या, ‘पण सातला न्यायचं हां, सातला आमची सिरीयल असते.’ दुसरीकडे कॅमेरा लावलेला. ऑफिसात बसून मोबाइलवर पोर बघा म्हणाले. कॅमेरा नेमका देव्हाऱ्याकडे वळलेला, त्यामुळे चार दिवस मी ऑफिसातून गणपतीचं दर्शन घेत होतो आणि मैथिली पलीकडे टीव्हीसमोर बसलेली असायची. मग बिल्डिंगमधली कॉलेजची मुलगी हॅना. फार गुणी पोर, पण तिची परीक्षा आली. मग ओळखीतून एक बाई टिटवाळ्याहून यायला लागली. तिने पहिल्याच दिवशी मैथिलीला सांगितलं, रडलीस तर तुझी आई परत येणारच नाही. तिला त्याच दिवशी नमस्कार केला.

प्रत्येक ठिकाणी सोनल आत जाऊन उभी राहायची. स्वयंपाकघर बघायची, संडास बघायची, बाईचे डोळे बघायची आणि बाहेर जिन्यात आली की म्हणायची, ‘आबांसारखं कुणी नाही रे.’ मी म्हणायचो, ‘हो ना.’ ते ‘हो ना’ कसं म्हणायचो ते माझं मला माहीत.

शेवटी बर्नाडेट आंटी मिळाल्या. मूळच्या वसईच्या, मागच्या गल्लीत राहतात, नवरा अँब्रोज आता निवृत्त. सहा पोरं सांभाळतात, त्यांतला एक त्यांचाच नातू क्लिफर्ड. कडक बाई. चप्पल बाहेर, हात धुऊन आत, टीव्ही बंद. सोनल काही बघायच्या आत त्यांनीच आम्हाला तपासलं. ‘न्यायला कोण येणार? नाव लिहा. दुसरं कोण आलं तर पोर देणार नाय, देव आला तरी.’ वेळ आठपर्यंत, म्हणून मी साहेबाच्या हातापाया पडून लवकर सुटतो. मला बाई आवडल्या. थोडी भीतीही वाटली. पण सोनल सहा आठवड्यांत पहिल्यांदा नीट झोपली.

आता गेल्या मंगळवारची गोष्ट. संध्याकाळी आंटींचा फोन आला, ‘मिस्टर, आज जरा लवकर या.’ धावत गेलो. त्यांच्याकडे काचेचं एक भांडं होतं, त्यात दोन लाल मासे. ते भांडं फुटलं होतं आणि मासे दुधाच्या पातेल्यात फिरत होते. कुणी फोडलं, असं आंटींनी विचारल्यावर मैथिली म्हणाली होती, ‘मी.’ आंटींनी तिला कोपऱ्यात उभं केलं. दहा मिनिटांनी क्लिफर्ड रडत आला, म्हणाला बॉल माझा लागला. मैथिली तर तेव्हा आतल्या खोलीत वही लिहीत बसली होती.

आंटी मला दारातच म्हणाल्या, ‘खोटं बोलणारी पोरं मी तीस वर्षं बघितली. न केलेलं कबूल करणारी ही पहिलीच. घरी मारता काय हिला?’

मी नाही म्हणालो. त्यांनी विश्वास ठेवला नाही, ते दिसलं मला.

घरी येताना मैथिलीला विचारलं, ‘तू केलं नव्हतंस तर हो का गं म्हणालीस?’ ती कडेच्या स्कूटर मोजत चालली होती. मोजता मोजताच म्हणाली, ‘मी नाही म्हटलं तरी मीच असते ना, बाबा. हो म्हटलं की लवकर संपतं.’

सहा वर्षांची पोर आहे, आबा.

हे ती कुठे शिकली ते मला ठाऊक आहे. आपल्याच घरात शिकली, आणि तुमच्यासमोर. आता खुर्चीत बसा, चष्मा लावा आणि सावकाश वाचा. यातलं बरंच तुम्हाला माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहितो, कारण हे पत्र तुम्ही ताईला आणि उत्तमकाकांनाही दाखवावं अशी माझी इच्छा आहे. धाकट्या भावाला कसं दाखवू, असं वाटेल तुम्हाला. पण यात लाज आहे ती माझी आहे, तुमची नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर. मैथिली पहिलीत गेली म्हणून जूनमध्ये तुम्ही आमच्याकडे आलात, आणि तेव्हापासून रोज साडेपाचच्या आधी शाळेच्या फाटकाशी उभे असायचात. एक दिवस चुकला नाहीत. त्या गुरुवारी मी अर्धी रजा घेतली होती. सकाळी दहाला चपला घालता घालता मी म्हणालो, ‘आबा, आज मैथिलीला मी आणतो. तुम्ही गुडघ्याला आराम द्या.’ तुम्ही विचारलंत, ‘नक्की? का जाऊ मी?’ मी म्हणालो, ‘नक्की.’

हे मी म्हणालो होतो. पुन्हा लिहितो: हे मी म्हणालो होतो, आबा. तुम्हाला भास झाला नव्हता, स्वप्न पडलं नव्हतं, की दुसऱ्या दिवसाचं या दिवसात मिसळलं नव्हतं.

मग झालं काय, तर आमच्या ऑफिसातला प्रीतम नोकरी सोडून चालला होता. त्याला जेवण द्यायचं म्हणून आम्ही सगळे माजिवड्याला हॉटेलात गेलो. दीडचे साडेचार झाले, साडेचारचे सहा. मी साहेबाची नक्कल करून लोकांना हसवत होतो. फोन बॅगेत, बॅग खुर्चीखाली. पोरीला आणायचं डोक्यातून पार गेलं. असं जातंच कसं, म्हणाल. मलाही सांगता येत नाही. गेलं खरं.

शाळेने मला चार फोन केले, मग सोनलला लावला. तेवढ्या वेळात फाटकावरच्या शिपायाची पाठ वळली आणि मैथिली एकटीच चालायला लागली, तीही घराच्या उलट दिशेने. स्टेशनच्या पुलाखाली मंजुळाबाई भाजीवालीने तिला ओळखलं, म्हणून आज मी हे पत्र तरी लिहितोय. त्या माउलीने टोपल्या तशाच टाकल्या आणि पोरीला हाताला धरून घरी आणलं. दार तुम्ही उघडलंत. ‘आजोबा, पोर रस्त्याव रडतंय न तुमी घरान?’ असं ती तुम्हाला बोलली. तुम्ही आमच्या दोघांसाठी शिरा करत होतात. सुशांत आणि मैथिली आता येतील म्हणून.

मी बॅग उघडली तेव्हा सतरा फोन येऊन गेले होते. तेवढ्यात सोनलचाच फोन आला. ड्यूटी सोडून ती घराकडे निघाली होती, रडत होती. म्हणाली, ‘सापडली रे, घरी आहे. आबा आणायला गेलेच नाहीत.’

आणि मी म्हणालो, ‘हं.’

तिथून सगळं. ‘अगं, मी आणणार होतो,’ एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. माजिवड्यापासून घरापर्यंत मला सव्वा तास मिळाला. त्यात मी पोर वाचली म्हणून देवाचे आभार मानले आणि उरलेल्या वेळात काय सांगायचं ते ठरवलं.

घरात शिरलो तर सोनल मैथिलीला मांडीवर घेऊन बसलेली आणि तुम्ही उभे. मला बघून तुमच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं झालं. म्हणालात, ‘हा बघ, आलाच. सुशांत, तू म्हणाला होतास ना, तू आणतो म्हणून?’ तुम्ही गाऱ्हाणं नव्हतं सांगितलं. तुम्हाला वाटलं, मी आलो म्हणजे आता उलगडा होईल.

मी म्हणालो, ‘मी? मी कधी म्हणालो, आबा?’

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग खुर्ची ओढून बसलात आणि म्हणालात, ‘मग मला तसं वाटलं असेल.’

तुम्ही भांडला असतात तर कदाचित मी तिथेच कबूल झालो असतो. तुम्ही भांडला नाहीत. मुलगा खोटं बोलतोय असं मानण्यापेक्षा आपलं डोकं चालत नाही असं मानणं तुम्हाला सोपं गेलं. मी ते बघितलं आणि बघून गप्प बसलो.

इथे थांबलं असतं तरी पुरे होतं. पण मी पाणी प्यायला आत गेलो, आणि भिंतीवर कॅलेंडर. दूध किती, सिलिंडर कधी, कोण येऊन गेलं, सगळं त्या चौकोनांत पेन्सिलीने टिपायची तुमची सवय. वीस तारखेच्या चौकोनात तुमच्या अक्षरात होतं, ‘मैथिलीस सुशांत आणणार.’ खाली रेघ मारलेली. मी ते पान फाडलं, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकलं. नोव्हेंबरचे दहा दिवस बाकी असताना आपल्या भिंतीवर डिसेंबर लागला.

सकाळी तुम्ही चष्मा लावून थेट तिथेच गेलात. म्हणालात, ‘हे पान कुठे गेलं?’ मी म्हणालो, मैथिलीने फाडलं, चित्र काढायला. ती समोर दूध पीत बसली होती. म्हणाली, ‘मी नाही फाडलं.’ सोनल आधीच रात्रभर जागलेली, पिळवटलेली. तिने पोरीला धारेवर धरलं, एक तर करायचं आणि वर खोटं बोलायचं म्हणून. मैथिली माझ्याकडे बघत होती. दोनदा नाही म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली, ‘हो, मी फाडलं.’ सोनल तिला जवळ घेऊन म्हणाली, ‘बघ, खरं बोललं की कसं बरं वाटतं.’

तुम्हीही तिच्या डोक्यावरून हात फिरवलात, जाऊ दे म्हणालात. मी टाय बांधत होतो.

आठ दिवसांनी तुम्हीच विषय काढलात. ‘पोर माझ्यावर सोपवू नका. मला गाडीत बसवून द्या.’ सोनलने दोनदा थांबवलं, मी एकदाही नाही. कल्याणला एसटीत बसवताना तुम्ही म्हणालात, उतरायचं ठिकाण जरा कागदावर लिहून दे. छत्तीस वर्षं एसटीत काढली तुम्ही, शेवटची बारा कोरेगाव आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून. कुठली गाडी कुठल्या फाट्यावर किती वाजता, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगणारा माणूस. त्याला मी त्याच्याच गावाचं नाव कागदावर लिहून दिलं. आणि वर म्हणालो, सांभाळून ठेवा हां, खिशातून पडेल.

ताई फोनवर सगळं सांगते. तुम्ही आता गॅस पेटवत नाही. फाट्यावर जायचं तर उत्तमकाकांना सोबत मागता. सदऱ्याच्या खिशात नाव-पत्ता लिहून ठेवलाय. परवा ताई भाकरी वाढत होती तेव्हा तिला विचारलंत, ‘अक्षदाच ना तू?’ ती मला सांगताना हुंदके देत होती. मी तिला धीर दिला, वयाप्रमाणे होतं म्हणालो. तुम्हाला नाव आठवत नव्हतं असं नाही, आबा. ते आठवतंय त्याच्यावर तुमचा भरवसा उरला नव्हता, आणि तो भरवसा मी काढून घेतला.

एवढं कळूनही मी पत्र लिहायला का बसलो, तेही खरं सांगतो. आंटींच्या मुलीचं बाळंतपण आहे, मार्चपासून त्यांचं पाळणाघर दोन महिने बंद. मंगळवारच्या आधी, म्हणजे त्या मासोळ्यांच्या आधी, मी तुम्हाला दोन पत्रं लिहून फाडली. दोन्हींत तुम्हाला परत बोलावलं होतं. लिहिलं होतं, ‘झालं ते विसरून जा, चूक कुणाच्याही हातून होते, आमच्या मनात काही नाही.’ मी तुम्हाला माफ केलं होतं, आबा. तशी अक्षरं माझ्या हाताने कागदावर काढली होती. ती परत वाचली तेव्हा स्वतःची शिसारी आली.

परवा शुक्रवारी सोनलला सगळं सांगितलं. ती हातातलं ताट खाली ठेवून ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘आबांना कळवलंस?’ मी म्हटलं, नाही. ‘मग आधी ते कर. माझ्याशी नंतर बोल.’ तेव्हापासून भाजी, किल्ली, दूध एवढंच बोलते. तिच्या जागी मी असतो तर तेवढंही बोललो नसतो.

मैथिलीला काल सांगितलं. म्हटलं, ते पान बाबाने फाडलं होतं आणि तुझ्यावर ढकललं होतं. तिने विचारलं, ‘मग तुला कोण ओरडलं?’ म्हटलं, अजून कुणी नाही. तिला ते अजिबात पटलं नाही. म्हणाली, ‘आईला सांग ना ओरडायला.’ मग जरा वेळाने, ‘आबांनी पण नव्हतं केलं ना काही?’ म्हटलं, नाही गं, आबांनीही काही केलं नव्हतं. ‘मग ते का गेले?’

ते पान मी टाकून दिलं नव्हतं. का, ते सांगता येणार नाही. दोन महिने बॅगेच्या आतल्या कप्प्यात होतं. या पत्रासोबत ठेवलंय. अक्षर तुमचंच आहे, बघून घ्या. सत्तावीस तारखेला साताऱ्याच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे ताईने नंबर लावलाय. जायचं तर जरूर जा, या वयात एकदा दाखवायला काही हरकत नाही. पण डॉक्टरांनी ‘कधीपासून विसरता?’ असं विचारलं, तर वीस नोव्हेंबर सांगू नका. तेव्हा विसरला तो दुसरा माणूस.

तुम्ही परत या असं मी म्हणत नाही. संध्याकाळचं आमचं आम्ही बघू. सोनलने सकाळच्या पाळीसाठी अर्ज केलाय, नाही मिळाली तर मी काहीतरी करेन. पोरीला सांभाळायला माणूस हवं म्हणून हे पत्र लिहिलंय, असा वास जरी आला तरी चुलीत घाला. माफ करा, असंही लिहीत नाही. ते समोर उभं राहून मागायचं असतं, एवढी अक्कल आता आली आहे.

पत्र बुधवारपर्यंत पोचावं. शनिवारी, चोवीस तारखेला, मी एकटा येतोय. कल्याणहून सकाळी सहाची एसटी धरतो, कोरेगावला बदलतो. आपल्या फाट्यावर किती वाजता उतरेन ते मुद्दाम लिहीत नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ताईला एवढंच सांगितलंय, की शनिवारी आबांना कुणाची सोबत देऊ नको आणि सकाळपासून आठवणही करून देऊ नको. ती चिडली, का म्हणून विचारलं. आबा सांगतील म्हटलं.

यावंसं वाटलं तर एकटे फाट्यावर या. आणि नाही आलात, तर आबा विसरले असं मी समजणार नाही. लक्षात होतं आणि यायचं नव्हतं म्हणून आला नाहीत, असंच समजेन, आणि घरापर्यंत चालत येईन.

तुम्हाला खोटं पाडणारा तुमचा मुलगा,
सुशांत